रविवारच्या गाठी

शुक्रवारी दुपारी आपण अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. परात तुझ्यासमोर, टोपलं माझ्यासमोर. माझी बोटं थरथरतात, म्हणून फांदीवरच्या शेंगा तोडून तुझ्याकडे सारायच्या, एवढंच काम माझ्याकडे. संध्याकाळी सोल्यांची आमटी करायची होती.

मी विचारलं, "त्या गावातले लोक गेले कुठं?"

गाव खरं नव्हे, आपल्या रविवारच्या खेळातलं. मागच्या रविवारी तू आम्हा तिघा खेळणाऱ्यांना त्या गावात नेऊन उभं केलं होतंस. दारं सगळी उघडी, चुलीत जाळ, तव्यावर भाकर, आणि अख्ख्या गावात माणूस एक नाही. तिथं थांबलीस आणि म्हणालीस, "बस. आता फुडच्या रविवारी." तेव्हापासून पाच दिवस माझं डोकं त्यातच होतं.

"मले काय ठाव?" तू म्हणालीस.

"तूच नेलं ना आमाले तिथं! मंग तुलेच ठाव पाह्यजे."

"रविवारी पाहू."

"असं कसं रविवारी पाहू? मी चौदा कारनं लिहून ठेवले हायेत. वाचू का?"

"वाचा ना बापा."

मी वही आणून वाचली. वाघ आला, रोग आला, राजाने वेठीला नेले, शेजारच्या गावात लग्नाला गेले, अशी चौदा. तू हात न थांबवता सगळी ऐकलीस. लग्नाला गेले यावर हसलीस. मग म्हणालीस, "चांगले हायेत. पन त्या लोकायनं यातलं अजून काईच केलं नाई."

मला राग आला. तू शेंग खाली ठेवली होतीस आणि पदराचं टोक बोटांत धरून पिळत होतीस. मी म्हटलं, "पदर काऊन कुस्करून राह्यली? सुती हाये, चुरगळते." तू माझ्याकडे पाहिलंस, पण पदर काही सोडला नाहीस.

शनिवारी सकाळी तू उठली नाहीस. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाला. बाकी जे झालं ते चारचौघांसमोर झालं, ते लिहीत बसत नाही.

श्वेता म्हणाली, "आबाजी, आजीसाठी काई तरी लिहा ना." नातीचं मन मोडवत नाही. मी चौथी शिकलेला. जन्मभर छाती, कंबर, बाही एवढंच लिहिलं. लिहायला बसलं की बोट शाळेतल्यासारखं वळतं, बोलतो तसं वळत नाही. तू हसशील, हस. पण आपलं भांडण अर्धं राहिलं आहे आणि दुसऱ्या कोणाशी ते होत नाही, म्हणून लिहितो.

तुला सगळं ठाऊकच आहे. पण श्वेता म्हणते, वाचणाऱ्याला खेळ कळला पाहिजे. म्हणून सांगतो. दोन वर्षांमागे दसऱ्याच्या सुटीत ती हैदराबादहून फासे घेऊन आली. आठ तोंडांचे, बारा तोंडांचे, एक वीस तोंडांचा. तू हातात घेऊन म्हणालीस, "हे तं आवळेच हायेत." खेळ असा की एकाने गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. तुझ्यापुढं नदी आली, आता तू काय करतोस? ज्याने त्याने आपल्या मनाने सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. हारजीत नाही, शेवट नाही. मी म्हटलं, हा काय खेळ झाला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांत आधी मीच चटईवर जाऊन बसलो.

शेजारची लक्ष्मक्का आली, ती वैदू बाई झाली. श्वेता गोष्ट चालवायची आणि तिरंदाजही व्हायची, मी पहिलवान, तू काठी टेकत चालणारी म्हातारी. तुला म्हटलं, "खेळात तरी जवान हो ना." तू म्हणालीस, "म्हातारीले कोनी अडवत नाई."

श्वेता हैदराबादला परत गेली. ती फोनवरून खेळणार, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा असं ठरलं. पण फोनवरून गोष्ट चालवणं तिला जमेना, आवाज तुटायचा. मग चालवणार कोण? मी म्हटलं, मी. मी शिंपी माणूस. तीनदा मोजल्याशिवाय कात्री लावली नाही कधी.

मी आठ दिवस किल्ला केला. दुकानातला खाकी कागद घेतला, खडू घेतला, पट्टी घेतली. सात खोल्या काढल्या. कोणत्या खोलीत सापळा, कोणत्या खोलीत सोनं, कोण पहारेकरी काय बोलणार, सगळं वहीत उतरवलं. किल्ल्याबाहेर एक तळं काढलं, त्यात म्हशी धुणारी एक बाई काढली. जागा मोकळी दिसत होती, म्हणून काढली.

रविवारी मी वाचून दाखवलं आणि विचारलं, "आता काय करता?"

लक्ष्मक्का म्हणाली, "अन्ना, मी त्या म्हशीवालीकडं जाते."

"तिच्याकडं काई नाई."

"काई नाई कसं? नाव काय तिचं?"

"नाव नाई तिले."

"अय्यो! बिना नावाची बाई!"

फोनमधून श्वेता खिदळली. मी ओरडलो, "किल्ल्यात चला ना आता! आठ दिवस लागले मले!"

सगळे मग किल्ल्यात आले, पण शाळेत ढकललेल्या पोरांसारखे आले. पहिली खोली, दुसरी खोली. मी वाचतो आणि तुम्ही हो म्हणता. तिसऱ्या खोलीत लक्ष्मक्काने जांभई दिली. मला दिसली ती.

तेव्हा तू म्हणालीस, "मले तहान लागली. मी मांगं जाते म्हशीवालीकडं." मी काही बोलायच्या आत म्हशीवालीच्या तोंडून तूच बोलायला लागलीस. "या बाई. किल्ल्यात जाऊन राह्यल्या का? माहा नवरा गेलता तिथं. तो सांगे, सात खोल्या हायेत, पन घोरन्याचा आवाज येते तो आठवीतून."

लक्ष्मक्का ताठ बसली. "आठवी?"

मी कागद पाहिला. आठवी खोली नव्हती. तू माझ्या हातातून फासा घेतलास आणि म्हणालीस, "आता तुमी खेळा."

त्या दिवसापासून गोष्ट तुझ्याकडे आली आणि तुझी म्हातारी गोष्टीतून गेली. मी पहिलवान तो पहिलवानच राहिलो. संध्याकाळी मी म्हटलं, "हे फसवनं हाये. आठवी खोली होतीच नाई."

"होती. तुमी मोजली नाई."

इथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचो, गोष्ट सांगणाऱ्याला घरून सगळं ठरवून यायला पाहिजे. नाहीतर ती गोष्ट नाही, थापा आहेत. समोरच्यांनी आपला वेळ दिला आहे, त्यांना वाटेल ते कसं ऐकवायचं? तू म्हणायचीस, ठरवून आणलं तर समोरच्याचं बोलणं ऐकायचं कशाला? ते न बोलले तरी गोष्ट तीच. मग त्यांना बोलावताच कशाला?

आणि तू त्या पोलक्याचा विषय काढायचीस. गुडीहत्नूरच्या त्या नवरीचं. साखरपुड्याला माप घेतलं, लग्न आठ महिन्यांनी. मी मापाबरहुकूम शिवलं, एक दोरा इकडं तिकडं नाही. लग्नाच्या दिवशी ते तिच्या अंगात जाईना. तू तिथंच मांडवामागे बसून बाजूची शिवण उसवलीस आणि सैल करून दिलंस. दर भांडणात तू तेच म्हणायचीस, "माप घेतलं तवा ती बाई वेगळी होती."

माझ्याकडे त्याला उत्तर होतं आणि मी ते एकदाच दिलं. "सैल कुठून केलं तू? आत मी बोटभर कापडाची माया ठेवली होती म्हनून ना? ते तयारी नाई तं काय?"

तू चहा ठेवायला उठलीस. तुझं असंच. खेळातही अडलीस की चहा ठेवायचीस. पाणी उकळेपर्यंत तुला सुचलेलं असायचं. लक्ष्मक्का तुला तेलुगूत वदिना, म्हणजे वहिनी, म्हणायची; तिला वाटे, वदिनाला पाहुणचाराची हौस. मला माहीत होतं, पण मी कोणाला सांगितलं नाही. आज सांगतो.

चुकायचीसही. खेळातला नाक्यावरचा एक जमादार तीन रविवारांआधी मेला होता, आणि तू त्याला नाक्यावर हसत उभा केलास. मी वही उघडून दाखवली. "हा मेला होता! हे पाह्य, लिहिलं हाये!"

सगळे तुझ्याकडे पाहायला लागले. तू विचारलंस, "कोनी जाळलं होतं का त्याले?"

"नाई."

"मंग कसा मेला? पडला होता."

लक्ष्मक्का पोट धरून हसली. श्वेताने तिकडून विचारलं, "आजी, तीन आठवडे पडलाच होता का?" तू म्हणालीस, "सरकारी मानूस हाये. उठाले टाईम लागते."

मी नाही हसलो. मी वही मिटली. पण त्यानंतर दर शनिवारी तू माझ्यापाशी यायचीस. "मांगच्या खेपेले त्या सुताराचं नाव काय ठेवलं होतं मी?" मी वही पाहून सांगायचो. तू म्हणायचीस, "तुमी मांगचं सांभाळा. फुडचं मी पाह्यते." मला वाटे, मला चूप बसवायला म्हणते. आता वाटतं, खरंच म्हणत होतीस.

आता तीन रविवार सांगतो. तेव्हा मला ते वाया गेलेले वाटले होते.

एक, लक्ष्मक्काचा. आम्ही राजधानीला निघालो होतो, घाई होती. वाटेत तू एक म्हातारी बसवलीस. तिचा पोरगा दूरदेशी गेलेला, ती रस्त्याकडे पाहत बसलेली. तिने वैदू बाईला विचारलं, "घडीभर माह्यापाशी बसशीन का?" लक्ष्मक्का म्हणाली, बसते. आणि बसली. अर्धा तास कोणी फासा टाकला नाही. दोघी बोलतच राहिल्या. तो काय खायचा, लहानपणी कसा होता, निघताना काय म्हणाला. मी फासा चटईवर आपटत म्हटलं, "खेळ फुडं सरकून नाई राह्यला!" तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

दुसरा, श्वेताचा. वेशीवर एक दरवान होता. कोडं सोडवल्याशिवाय आत सोडत नव्हता. श्वेताला कोडं सुटेना. दोनदा फासा टाकला, दोन्ही वेळा फसला. फोनवर ती एकदम बारीक आवाजात म्हणाली, "आजी, मले नाई येत." तेव्हा तुझा दरवान म्हणाला, "मले बी नाई येत बाई. म्हनून तं बारा वर्षं झाले, इथंच बसलो. चाल, दोघं आत जाऊ." मी म्हटलं, हे चालणार नाही. फासा फसला म्हणजे फसला, नियम तो नियम. तू म्हणालीस, "दरवान भोळा हाये. त्याले नियम ठाव नाई."

तिसरा माझा. डोंगरात राक्षस होता. मी म्हटलं, पहिलवान त्याच्या छातीवर गदा हाणतो. तू म्हणालीस, "राक्षस लढून नाई राह्यला. राक्षस रडून राह्यला. त्याची गोधडी फाटली. तो म्हनते, कोनी शिवून देईन का?"

"पहिलवान शिवत नाई."

"फासा तं टाका."

विसांपैकी एकोणीस पडले. लक्ष्मक्काने टाळी वाजवली. तू राक्षसाच्या जाड आवाजात म्हणालीस, "वा भाऊ. टाका लई बारीक हाये तुमचा." मी म्हटलं, काहीही. पण त्या संध्याकाळी मला दोन भाकरी जास्त गेल्या. का, ते मी तेव्हा पाहिलं नाही.

खेळ संपला की मी दर वेळी एकच बोलायचो, "तरी बी तयारी पाह्यजे होती." दोन वर्षांत एकदाही म्हटलं नाही की आज मजा आली. येत होती.

आता तू नव्हतीस त्या रविवारचं. आदल्या दिवशी तुला पोचवून आलो. घर माणसांनी भरलेलं. सून रडून थकली होती, श्वेता आदल्या संध्याकाळी बसने पोचली होती. मी आतल्या खोलीत गेलो. शुक्रवारी तू बदलून ठेवलेलं पातळ खुंटीवर होतं. ते घडी करावं म्हणून काढलं. दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. घडी करणं मला येतं.

पदराच्या टोकाला तीन गाठी होत्या. लहान, घट्ट, एकापुढे एक.

मला वाटलं, सुपारी आहे. तू सुपारीचं खांड पदरात बांधायचीस, मला माहीत होतं. कधी वेलदोडा असायचा. म्हटलं, तुझ्या हाताने फोडलेलं शेवटचं खांड आहे, तोंडात टाकावं. पहिली गाठ सोडली. माझ्या बोटांना केवढा वेळ लागला. आत काही नाही. म्हटलं, दुसरीत असेल. दुसरी दातांनी सोडली. त्यातही काही नाही. तिसरीला हात घातला तेवढ्यात लक्ष्मक्का आली. आपली चूल बंद होती, म्हणून ती भात घेऊन आली होती. दारातूनच तिने पाहिलं आणि भाताचं पातेलं खाली आपटलं.

"अन्ना! नको सोडू! रविवारच्या गाठी हायेत त्या!"

मी विचारलं, कसल्या रविवारच्या? ती खाली बसली. तिने सांगितलं ते असं. भाजीच्या वाफ्यात तुम्ही दोघी निंदत असायच्या तेव्हा तू मध्येच थांबायचीस आणि पदराला गाठ मारायचीस. तिने एकदा विचारलं, हे काय? तू म्हणालीस, "ही तुह्यासाठी. रविवारी लागते." एक गाठ तिची, एक श्वेताची, एक माझी. ज्याची त्याची वेळ आली की तू खेळताना हळूच सोडायचीस. आत काय ते तिलाही कधी सांगितलं नाहीस.

श्वेता दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आबाजी, माझा एक विषय राह्यला होता. मी फक्त आजीले सांगितलं होतं. त्याच्या आठ दिवसांनी तो दरवान आला."

लक्ष्मक्का म्हणाली, "माह्या पोराचा दुबईहून चार महिने फोन नव्हता, तवाची ती म्हातारी."

माझं मला कळलं. राक्षस आला त्या दिवाळीत मी मशीन झाकून ठेवली होती. डोळ्याला चष्मा लागला, असं सगळ्यांना सांगितलं होतं. हात थरथरतात म्हणून, हे कोणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. पण त्याआधीचे सहा महिने सुईत दोरा तूच ओवून ठेवत होतीस. मी दुकानात यायच्या आधी पाच सुया ओवलेल्या असायच्या. मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

म्हणजे तू तयारी करत होतीस. मी मनात म्हटलं, पकडली! दोन वर्षं मला खोटं पाडलंस आणि चोरून तयारी करत होतीस. तुला हाक मारायला तोंड उघडलं. पातळ हातात होतं.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस तेही मला ठाऊक आहे. "तीन गाठी म्हंजे तयारी का? तुमच्या सात खोल्या, माह्या तीन गाठी." आणि मी म्हणालो असतो, गाठ म्हणजे तयारीच. तू खोलीची केली नाहीस, माणसाची केलीस, एवढंच. मग तू चहा ठेवला असतास.

दोन गाठी मी सोडल्या. त्या कोणाच्या होत्या आणि त्यात काय होतं, ते आता कोणालाच कळणार नाही. चूक माझी. मी कापडात वस्तू शोधत होतो. तिसरी कोणाची राहिली तेही माहीत नाही. श्वेता म्हणते, "तुमचीच असन आबाजी." बरं वाटावं म्हणून म्हणते. मी कोळशाची इस्त्री काढली आणि पातळाला इस्त्री केली. पूर्ण सहा वार. गाठीपाशी आलो की इस्त्री उचलायचो आणि पलीकडे टेकवायचो. घडी अशी घातली की गाठ वर राहील.

तेरवी झाली. माणसं गेली. श्वेताला कॉलेज होतं, तीही गेली. जाताना फोन साखरेच्या डब्याला टेकवून पाहिला आणि म्हणाली, "आबाजी, रविवारी खेळायचं ना? ते लोक गेले कुठं, ते कळलं पाह्यजे." मी म्हटलं, पाहू. लक्ष्मक्का म्हणाली, "वदिना नाई, तं कोन सांगन? राहू दे अन्ना." ती राहू दे म्हणाली, पण उठली नाही, चटईच्या कोपऱ्याशी बसून राहिली. तेव्हा मला कळलं की गोष्ट मी चालवली नाही तर ती संपली. त्या गावात तव्यावरची भाकर तशीच राहणार आणि आम्ही तिघं तिथंच दारात उभे राहणार. तू चालवायचीस ती एकच गोष्ट आता शिल्लक आहे, आणि तीही मी मरू द्यायची?

म्हणून काल शनिवारी मी खाकी कागद पसरला. रिकामं गाव काढलं. घरं, विहीर, पार, जनावरांचा कोंडवाडा. चांगलं काढलं, हात थरथरून रेषा वाकडी झाली तर तिची पायवाट केली. प्रत्येक घराला नाव दिलं. विहिरीवर पाणी भरणारी बाई नाही काढली, कारण गावात माणूस नाही. मग चौदा कारणं पुन्हा वाचली. चौदाही चांगली आहेत, मी अजून म्हणतो. पण एकही लक्ष्मक्काचं नाही आणि एकही श्वेताचं नाही. कोणालाही सांगावं अशी आहेत.

मग मी खिशातला रुमाल काढला. म्हटलं, गाठ मारू. पहिली लक्ष्मक्काची.

आणि मला मारता येईना. हात थरथरतो म्हणून नाही. गाठीत घालायला माझ्याकडे काही नव्हतं. वीस वर्षं ती भिंतीपलीकडे राहते. ती चहात साखर कमी घेते, एवढं मला ठाऊक. पोलक्याचं माप ठाऊक, तेही दहा वर्षांमागचं. तिच्या पोराचा फोन परत सुरू झाला का, ते मी विचारलं नव्हतं. तिचे गुडघे दुखतात की कंबर, ठाऊक नाही. ती कशाला हसते ते पाहिलं आहे, कशाला घाबरते ते माहीत नाही. तू वाफ्यात तिच्याशेजारी बसून निंदत होतीस, तेव्हा मी दुकानात किल्ला काढत होतो.

तुझ्यासारखी तयारी करायची तर किती चालावं लागतं, ते मला काल समजलं. मी आठ दिवस म्हणत होतो ते काहीच नाही. तू तर रोज करत होतीस.

रुमाल तसाच खिशात घातला आणि निजलो.

आज सकाळी उठलो, तोंड धुतलं. चहा केला नाही. लक्ष्मक्काच्या दारी गेलो. वीस वर्षांत मी त्या फाटकाच्या आत गेलो नव्हतो. पोलकं द्यायचं तर फाटकावरून द्यायचो. ती चुलीपाशी ज्वारीचं पीठ मळत होती. मला पाहून घाबरली. "काय झालं अन्ना?"

म्हटलं, "काई नाई झालं. बसतो घडीभर."

तिने हाताने पाट दाखवला. मी बसलो. काय विचारायचं ते घरून ठरवून गेलो होतो, तीन प्रश्न. पहिला विचारला, "पोराचा फोन येते का आता?" तिने पीठ मळायचं थांबवलं. बाकीचे दोन विचारावे लागले नाहीत. ती बोलत राहिली, मी बसलो. मध्ये तिने चहा दिला, साखर कमी. ऊन पायरीवर आलं तरी मी उठलो नाही.

परत येताना, तिच्या फाटकात उभा राहून, रुमालाला गाठ मारली. तीनदा सुटली, चौथ्यांदा बसली. आता श्वेताला फोन करायचा आहे. खेळ दुपारी.

गाठीत काय आहे ते तुला सांगत नाही. तू तरी कुठं सांगितलं होतंस.